गडद रंगातली आपली खोली

परवा शेजारच्या मुलीला शाळेतून घरचा अभ्यास मिळाला. महाराष्ट्राच्या नकाशात दरडोई उत्पन्नाप्रमाणे जिल्हे रंगवायचे. मुंबई, ठाणे, पुणे गडद झाले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम फिके राहिले. रंगवून झाल्यावर तिने विचारले, “आपण सगळ्यात श्रीमंत, तर दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं का?” परळच्या चाळीत बसून याचे उत्तर देताना आम्हीही क्षणभर गप्प झालो.

दरडोई म्हणजे सरासरी. एकाची कमाई दहा लाख आणि नऊ जणांची लाख-लाख, तर सरासरी निघते एक लाख नव्वद हजार. ही रक्कम दहांपैकी एकाच्याही हातात पडत नाही. शिवाय जिल्ह्याचे उत्पन्न मोजतात ते काम जिथे होते तिथले. कल्याणहून लोकलने फोर्टात येणाऱ्याचे श्रम मुंबईच्या रंगात जमा होतात.

गिरण्या भरात होत्या तेव्हाही एका छपराखाली दोन रंग होतेच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना जास्त पगाराच्या विणखात्यात घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. मुंबईचा रंग आणखी गडद झाला, पण गिरणी कामगाराच्या घरचा नाही.

आणि फिके जिल्हे? 1955 साली ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात बाबासाहेबांनी निजामाच्या राजवटीत मराठवाड्याची झालेली उपेक्षा मांडली. त्याआधीच, 1950 साली, तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले होते. 1984 साली दांडेकर समितीने राज्यातल्या विकासाचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. म्हणजे फिका रंग त्या मातीचा दोष नव्हे. तिथे जे पोहोचले नाही, त्याचा तो हिशेब आहे.

6 डिसेंबरला याच फिक्या जिल्ह्यांतून माणसे पदरची भाकरी बांधून चैत्यभूमीवर येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. ही श्रीमंती कुठल्या रंगात दाखवायची?

आईबाबांनो, मुलांना नकाशा जरूर रंगवू द्या. मात्र रंगवून झाला की एवढे विचारायला शिकवा: ही सरासरी कोणाची, आणि या रंगात आपली खोली कुठे आहे?

जय भीम!