मुहम्मद अलीचे नुकसान कोणत्या निर्णयांनी केले?

मुहम्मद अली हा आपल्याकडच्या मुस्लिम तरुणांचा जुना हिरो. अमडापूर-चिखलीकडे ज्याने बॉक्सिंगची एकही लढत पाहिलेली नाही, त्यालाही हे नाव माहीत असते. पण आदर वेगळा आणि व्यक्तिपूजा वेगळी. अलीच्या कोणत्या निर्णयांनी त्याच्या नावाला सर्वाधिक डाग लावला, हा प्रश्न त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच विचारायला हवा.

बहुतेकांच्या मनात पहिले उत्तर 1967 चे येते. 28 एप्रिलला ह्यूस्टनमध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेतले गेले, परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपील सुरू असल्याने तुरुंगात जावे लागले नाही, पण पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा, बॉक्सरच्या आयुष्यातला सोन्यासारखा काळ रिंगबाहेर गेला. जून 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. या निर्णयाने कारकिर्दीचे नुकसान झाले, नाव मात्र मोठे झाले. कारण किंमत त्याने स्वतः मोजली होती.

दुसरे उत्तर म्हणजे वेळेवर न थांबणे. आपल्या गावस्करने मार्च 1987 मध्ये बंगळुरूला शेवटच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध 96 धावा केल्या आणि तो कसोटीतून बाजूला झाला. अलीला हे जमले नाही. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी थांबण्याचा सल्ला दिला, तो ऐकला जाईना म्हणून 1977 मध्ये त्यांनी साथ सोडली. 2 ऑक्टोबर 1980 ला, अडतिसाव्या वर्षी, अली लास वेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी तो बहामात ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि हरला. 1984 मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मानतो; त्या दृष्टीने ही मोठी चूक होती. पण हाही मार त्याने स्वतःच्याच अंगावर घेतला.

मला त्याचे दोन वेगळे निर्णय जास्त खटकतात. त्यांत किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पहिला माल्कम एक्सचा. फेब्रुवारी 1964 मध्ये लिस्टनला हरवून अली जगज्जेता झाला, तेव्हा माल्कम त्याचा मोठा आधार होता. पुढे माल्कमचे संघटनाप्रमुख एलायजा मुहम्मद यांच्याशी बिनसले. अलीने संघटनेची बाजू घेतली. मे 1964 मध्ये घानात दोघे समोरासमोर आले, तेव्हा नुकताच हज करून आलेल्या माल्कमकडे त्याने पाठ फिरवली. 21 फेब्रुवारी 1965 ला माल्कमची हत्या झाली. ही आपली मोठी चूक होती, असे अलीने 2004 च्या पुस्तकात कबूल केले. पण ऐकायला माल्कम नव्हता.

दुसरा जो फ्रेझरचा. बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझर बोलला होता, पैशाचीही मदत केली होती. त्याच फ्रेझरला 1971 च्या लढतीआधी अलीने गोऱ्यांचा गुलाम ठरवले आणि 1975 मध्ये मनिलाच्या लढतीआधी गोरिला म्हटले. तिकिटे खपली, लोक हसले. गरीब शेतमजूर कुटुंबातून आलेला एक काळा माणूस आपल्याच लोकांत परका झाला. 2001 मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझरची तक्रार होती की, ती माझ्याकडे मागायला हवी होती. 2011 मध्ये फ्रेझर गेला तेव्हा अली आजारी अंगाने जनाज्याला हजर होता. हे त्याचे मोठेपण, पण ते उशिरा आलेले.

आपले आलिम सांगतात, अल्लाह स्वतःचे हक्क माफ करील. बंद्याचा हक्क बुडवला असेल तर माफी त्या बंद्याकडूनच घ्यावी लागते. अलीच्या आयुष्याचा हिशेब मी याच मापाने करतो. होम्सकडून झालेली हार विसरता येते. माल्कमकडे फिरवलेली पाठ आणि फ्रेझरला दिलेले नाव विसरता येत नाही.

हे आज लिहिण्याचे कारण आपल्या घरातले आहे. वेगळे मत मांडणाऱ्या मुसलमानाला ‘गद्दार’, ‘मुनाफिक’, ‘सरकारी मुसलमान’ म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढणाऱ्या हमीद दलवाईंनी हे खूप सोसले. त्यांच्या विचारांशी मतभेद असू शकतात, अनेकांचे आहेत. पण मतभेद मांडणे वेगळे आणि माणसाला कौमेबाहेर काढणे वेगळे. आता तर मोबाइलवर बोट दाबले की हे काम होते, आणि ज्याच्यावर शिक्का बसतो तो आपल्याच मोहल्ल्यात मान खाली घालून फिरतो.

अलीचा फोटो जिममध्ये जरूर लावा. सत्तेला ‘नाही’ म्हणण्याची हिंमत त्याच्याकडून घ्या. सोबत मुलांना माल्कम आणि फ्रेझरचीही गोष्ट सांगा. ज्या भावाला आपण असे काही बोललो असू, त्याच्या दारी जाऊन माफी मागायला अजून वेळ आहे.