धूर दिसला नाही, म्हणून गाडी पास?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि राज्याचे परिवहन आयुक्त यांस,



पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आता गाडीवाल्यांना पाठ झालंय. दंडाबद्दल तक्रार नाही. पण ज्या कागदासाठी तो भरायचा, त्या कागदावर नेमकं काय मोजलेलं असतं?

पंपाच्या कोपऱ्यातली पीयूसीची व्हॅन पाहा. पेट्रोल गाडी असेल तर ती जागेवरच चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल असेल तर न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि निघालेल्या धुरानं मीटरमधला प्रकाश किती अडवला ते बघायचं. नंबर प्लेटचा फोटो अपलोड झाला की प्रमाणपत्र हातात. (हे सगळं खरोखर केलं तर! नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवून काम उरकणारेही आहेत.)

काळा धूर ओकणाऱ्या गाड्यांच्या जमान्यात हे पुरेसं होतं. १ एप्रिल २०२० पासून मात्र बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू आहे. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, सूक्ष्म कणांच्या वजनासोबत त्यांची संख्याही मोजली जाऊ लागली. कणांची मर्यादा गाठायला डीपीएफ नावाचा फिल्टर आला. गाडी शहरातच थोडी थोडी फिरत असेल तर तो काजळीनं तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि नव्या फिल्टरची किंमत ऐकून मालकाला घाम फुटतो. मग कुणीतरी सुचवतं, 'काढून टाका साहेब, प्रोग्रॅम बदलून देतो, पीयूसी निघेल.' आणि ती निघूही शकते. नव्या इंजिनातली काजळी इतकी बारीक असते की फिल्टर नसतानाही धूर डोळ्यांना फारसा दिसत नाही आणि धुराच्या मीटरलाही पुरेसा कळत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत मोजतच नाहीत.

चाचणी एकीकडे आणि रस्ता दुसरीकडे, याचा धडा २०१५ मध्ये फोक्सवॅगननं जगाला दिलाच आहे. त्यांचं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागत होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उपकरणं गाडीतच चढवून रस्त्यावर मोजमाप केलं, तेव्हा आकडे जुळेनात. आपणही १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांसाठी रस्त्यावरची चाचणी आणली, हे चांगलंच झालं. पण ती कंपनीची परीक्षा. शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीला पुढची पंधरा वर्षं तीच जुनी नळी.

जर्मनीनं १ जुलै २०२३ पासून युरो-६ डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. गाडी जागेवर चालू ठेवून ही मोजणी होते. फिल्टर फुटलेला किंवा गायब असेल तर आकडा लपत नाही. आपल्या पीयूसीतही हीच मोजणी आणावी. सोबत ओबीडी, म्हणजे गाडीतल्याच दोष टिपणाऱ्या यंत्रणेच्या पोर्टला रीडर लावून गाडीच्या मेमरीतले दोषही वाचावेत. एकट्या ओबीडीवर मात्र विसंबू नका, कारण फिल्टर काढणारा दिवा विझवायलाही शिकलेला असतो.

व्हॅनवाल्यांवर एकदम खर्च लादा असं म्हणत नाही. कण मोजणारी पहिली यंत्रं फिटनेस केंद्रांत बसवा, व्यावसायिक डिझेल गाड्यांना तिथे यावंच लागतं. खासगी गाड्या त्यानंतर घ्या, पण कधीपासून ती तारीख आत्ताच जाहीर करा.

कळावे,
पुण्यातला एक डिझेल कारमालक