सभागृह आले, तिजोरीचे काय?

१९९३मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्याआधी नगरपालिकेची निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला आणि महाराष्ट्रातल्या अनेक नगरपरिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडेच राहिला. अखेर मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर सूत्रे हलली.

निवडून आलेले सभागृह परतले, तरी पैशाचा प्रश्न तसाच आहे. नगरपरिषदांची जकात १९९९मध्येच गेली. तिच्या जागी राज्य सरकारचे सहायक अनुदान आले. हक्काची उरली घरपट्टी-पाणीपट्टी. ती वाढवायला नगरसेवक धजत नाहीत, थकबाकीदारांना हात लावत नाहीत. मग पगारासाठीही मुंबईकडे डोळे. नव्या नगराध्यक्षांना आता उद्घाटनाची तारीख विचारू नका, वसुलीचा हिशेब मागा.