मुलगी भारी खेळली की चीटिंगचा संशय? गेगुरीचं प्रकरण काय सांगतं

जून २०१६. दक्षिण कोरियात 'ओव्हरवॉच' या शूटिंग गेमच्या स्पर्धेची पात्रता फेरी गाजली ती एका किशोरवयीन मुलीमुळे. किम से-यॉन, गेमिंगमधलं नाव 'गेगुरी'. तिचा नेम इतका अचूक होता की प्रतिस्पर्धी खेळाडूंनी थेट आरोप केला, ही सॉफ्टवेअर वापरून चीटिंग करते.

पुढे काय झालं?

गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने तिला क्लीन चिट दिली. तरीही तिला स्टुडिओत बसून लाइव्ह खेळून दाखवावं लागलं. एक कॅमेरा तिच्या हातांवर रोखलेला आणि चेहऱ्यावर मास्क. तिचा खेळ खरा निघाला. आरोप करणारे दोन खेळाडू स्पर्धात्मक खेळातून बाजूला झाले.

प्रश्न तिथेच संपला का?

नाही. २०१८ मध्ये ओव्हरवॉच लीग सुरू झाली तेव्हा १२ संघांत एकही महिला नव्हती. गेगुरीला का घेतलं नाही, यावर कारणं पुढे आली: खेळाडू एकाच घरात राहतात, शिवाय लोक याला पब्लिसिटी स्टंट म्हणतील. म्हणजे अडचण खेळाची नव्हतीच. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये शांघाय ड्रॅगन्सने तिला करारबद्ध केलं आणि ती लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली.

मुली माइक बंद का ठेवतात?

टीम गेममध्ये शत्रू कुठे आहे, हल्ला कधी करायचा, हे बोलूनच ठरतं. पण मुलीचा आवाज ऐकू आला की अनेकदा शेरेबाजी सुरू होते. कुणी 'स्वयंपाकघरात जा' म्हणतं, कुणी नंबर मागतं. म्हणून अनेक जणी माइक बंद ठेवतात किंवा मुलाचं नाव घेऊन खेळतात. न बोलता खेळल्याने समन्वय बिघडतो, सामना हातचा जातो. मग तेच लोक म्हणतात, 'मुलींना गेमिंग जमत नाही.'

भारतात काय चित्र?

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ७ गेमर्सशी गप्पा मारल्या. त्यात महिला एकच होती, पायल धारे.

चीटिंगचे आरोप मुलांवरही होतात. पण मुलगा जिंकला की आधी कौतुक होतं, मुलगी जिंकली की आधी तपासणी. पुढच्या वेळी टीममध्ये मुलीचा आवाज आला, तर शत्रू कुठे आहे तेवढं सांगा. बाकी ती खेळून दाखवेल.