चिकित्साचतुष्पादातील उपेक्षित पाद

महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांची पाळी सुटली की आमच्या चिकित्सालयातील बाकडी भरू लागतात. अम्लपित्त, विबंध, अनिद्रा, शिरःशूल ही नित्याची गाऱ्हाणी. रात्रभर जागरण, पहाटे वडापाव, मग पोटभर जेवून दिवसा झोप. काम सोडून जाता येत नाही म्हणून कित्येकजण पाणीच कमी पितात. अशा रुग्णांस आम्ही वेगधारणाचे दुष्परिणाम समजावतो. जागरणाच्या निम्म्या काळाइतकी झोप सकाळी अन्न घेण्यापूर्वी घ्यावी, हा वाग्भटाचार्यांचा उपदेशही सांगतो.

अशाच एका रुग्णाने एकदा सहज विचारले, “डॉक्टर, पुड्या बांधणाऱ्या ह्या ताई जेवतात कधी?” दुपारचे तीन वाजून गेले होते. आमची साहाय्यिका सकाळी नऊपासून उभीच होती. आम्ही निरुत्तर झालो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे गुण अपेक्षित आहेत. ज्ञान व कौशल्य शिकवता येते, शौचाची सवय लावता येते. अनुराग मात्र वेतन देऊन विकत मिळत नाही. उपाशी, थकलेल्या, चारचौघांत बोलणी खाल्लेल्या माणसाच्या मनात रुग्णाविषयी ममत्व कोठून यावे? मग पुडी बदलते, अनुपान सांगायचे राहते आणि दोष आपण औषधाला देतो.

लहान व्यवसायास हे कसे परवडावे, असा आक्षेप येईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम न घेता किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा दंडक घातला होता. तो कारखान्यांसाठी होता. भूक आणि कंबर मात्र दुकानातल्या माणसालाही असते.

सुखाविषयी बोलताना सुरक्षिततेचे विस्मरण नको. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत लागलेल्या आगीत ११ कामगार मृत्युमुखी पडले. प्राणरक्षणाची तजवीज नसेल, तर वार्षिक सहल आणि दिवाळीची मिठाई यांस कल्याण कसे म्हणावे? आपल्या औषधशाळांतही चूर्ण दळताना धूळ उडते, तेलपाकाच्या कढया उकळत असतात. तेथील माणसाच्या नाकातोंडास आच्छादन आहे काय, संकटकाळी बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, हे प्रत्येक मालकाने आजच पाहावे.

आम्ही दुपारी एक ते दीड चिकित्सालय बंद ठेवू लागलो, औषधविभागात एक उंच स्टूल ठेवले आणि चूक झाल्यास ती एकांतात सांगण्याचा नियम स्वतःस घातला. प्रारंभी काही रुग्ण कुरकुरले. पण त्यासाठी कोणी येणे सोडले नाही. साहाय्यिका आता अनुपान दोनदा समजावून सांगते, तेही आम्ही न सांगता.

संघटनेच्या परिसंवादांत औषधांच्या गुणवत्तेची चर्चा आपण करतो. ती औषधे ज्या हातांतून जातात, त्यांच्या स्वास्थ्याचा विषयही तेथे यावा, ही नम्र विनंती.