आंब्याचे कर्तव्य

आमच्या रत्नागिरीत आढीतल्या आंब्याविषयी छातीठोक बोलणारा माणूस बाहेरगावचा समजावा. ‘उद्या पिकेल ना हो?’ म्हणून विचारा. अस्सल रत्नागिरीकर पेंढा बाजूला सारील, आंबा हुंगेल आणि म्हणेल, ‘पिकायला हवा!’

नातवाच्या पेपरात नेमके हेच वाक्य इंग्रजीत आले : आंबे उद्यापर्यंत ‘शुड बी राइप’. घरचाच विषय! चिरंजिवांनी अर्थ लिहिला, ‘पिकायला हवेत.’ त्यावर तांबडी फुली आणि शेरा : ‘शुड म्हणजे कर्तव्य. आंब्यांनी पिकणे हे त्यांचे कर्तव्य आहे.’ अहो, आंबा काय सरकारी नोकर आहे?

माझे भांडण बाईंशी नाही, त्यांच्या तक्त्याशी आहे. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजे पाहिजे. शब्दाला एकच अर्थ, रेशनच्या साखरेसारखा मोजून! आम्हीही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, शॅल-विलपायी छड्या खाल्ल्या. तेव्हा पाठांतराला माझी ना नाही. पण पाठ काय करायचे ते तरी बघा.

कारण हा तक्ता नुसते मार्क खात नाही. शेजारच्या अण्णांच्या गोळ्यांवर छापले होते : रिकाम्या पोटी ‘मस्ट नॉट बी टेकन’. एका हुशार मुलाने तक्त्याबरहुकूम अर्थ लावला : ‘रिकाम्या पोटी घेतलीच पाहिजे असं नाही.’ म्हणजे घेतली तरी चालेल! अण्णा आठ दिवस पहाटे गोळी घेत होते. नवव्या दिवशी पोट धरून बसले. मुलाने सांगितला तो अर्थ ‘नीड नॉट’चा. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘घेता कामा नये’.

गंमत अशी, की ही सगळी तऱ्हा मराठी पोराला पाळण्यापासून ठाऊक असते. ‘खरे बोलावे’ हे कर्तव्य, ‘पाऊस पडावा’ ही इच्छा, ‘तो पोचला असावा’ हा अंदाज. एका विध्यर्थाची तीन रूपे! मग इंग्रजीतला मस्ट एकदा ‘गेलंच पाहिजे’ आणि एकदा ‘घरीच असणार’ निघाला, तर बिघडले कुठे? तक्ता फाडा आणि पोराला एवढेच विचारा, ‘हे तू घरी कसं म्हणशील?’

शाळा हे ऐकेल का, म्हणता? ऐकायला हवं!

आता हे कर्तव्य की अंदाज, ते तुम्हीच ठरवा.