फौजीच्या रागाकडे डोळेझाक नको

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. फौजेतला मुलगा हा आजही आपल्या वस्तीचा अभिमान आहे. पण तोच निवृत्त होऊन भंडारा, तुमसर, पवनीकडे परततो, रात्र रात्र झोपत नाही, क्षुल्लक कारणावरून बायकोच्या अंगावर धावून जातो आणि मग ‘मी जीव देतो’ म्हणतो, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘फौजीच तो, डोकं गरमच असणार!’ ही बेफिकिरी जीवघेणी आहे. राग आणि मरणाची भाषा एकत्र आली की तो स्वभाव नव्हे, धोक्याचा इशारा समजावा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम ११५ सांगते : आत्महत्येचा प्रयत्न करणारा, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असेच मानावे, त्याला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य. दुसरीकडे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पत्नीला संरक्षण देतो. नवऱ्याचा आजार म्हणून तिने मार सोसावा, असे कोणताही कायदा म्हणत नाही. त्याला उपचार आणि तिला संरक्षण, दोन्ही एकाच वेळी मिळाले पाहिजे.

बांधवांनो, त्याला मानसोपचारासाठी जिल्हा रुग्णालयात न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. सीमेवरून जिवंत परतलेला जवान घरात मरता कामा नये!